दारातच नाव घेणारे पान

दिनांक: बुधवार. वेळ: दुपारी १२ वाजून २० मिनिटे. ठिकाण: पोलीस ठाणे, इर्बिद.

माझे नाव मैसून वासिफ अल-उमरी, वय ३१ वर्षे, धंदा वेबसाइट बनवून देणे, राहणार इर्बिद, भाजी मंडईमागे, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत, दुसरा मजला. बोलावल्यावरून आज ठाण्यात आले. फौजदार मिश्अल विचारत आहेत, मी सांगत आहे आणि हवालदार सौसन लिहून घेत आहेत.

प्रथम सांगते की, श्री. फव्वाज यांनी आपल्या भावजयीविरुद्ध, म्हणजे फिद्दा यांच्याविरुद्ध, पुरावा म्हणून ज्या पानाचा फोटो दिला आहे, ते पान मी बनवले आहे. त्यावरचा मजकूर 'या, उम्म कुतैबा, या. कधीची वाट पाहत होतो' असा आहे. तो मी लिहिला आहे. वाट पाहणारा कोणी पुरुष नाही. बाईही नाही. आलेल्या प्रत्येकीला ते पान हेच म्हणते, फक्त नाव बदलते.

हे पान 'दुसरी वही' नावाच्या अभ्यासवर्गाचे आहे. तो वर्ग निवृत्त मुख्याध्यापिका इन्साफबाई चालवतात. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांकडून त्या तौजिहीची, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेची, तयारी करून घेतात. सध्या एकशे चाळीस जणी आहेत. धडे वेबसाइटवर असतात, दुपारी घर झोपले की त्या मोबाईलवर बघतात. बहुतेकींनी घरी सांगितलेले नाही. घरचे मारतील म्हणून नव्हे, नापास झालो तर हसतील म्हणून. हे मला इन्साफबाईंनी सांगितले आणि मला ते खरे वाटते.

मागच्या वर्षी ऑलिव्हची तोडणी चालू असताना बाईंनी मला बोलावले. त्यांच्या वेबसाइटला तेव्हा तयार मिळते तसले लॉगिन पान होते. करडी चौकट, दोन रकाने, चुकले की लाल अक्षरे. एकशे चाळिसांपैकी पन्नासेकच आत पोचत. बाकीच्या बिचकून परत जात. बाईंशी झालेले बोलणे आठवते तसे सांगते.

"हे पान आहे की पासपोर्ट कचेरी? कोण तू, नंबर सांग, चूक, पुन्हा सांग."

मी म्हणाले, "बाई, लॉगिन असंच असतं."

"असेल जगाचं. तुझ्या आजोबांच्या तंबूत पाहुणा आला तर तीन दिवस त्याचं नाव विचारत नसत. आणि तू उंबऱ्यावरच झडती घेतेस होय गं?"

"मग न विचारता ओळखू कशी?"

"विचार ना. पण विचारलंस की लगेच 'या' म्हण. कॉफी मागाहून, 'या' आधी."

त्याप्रमाणे मी खास त्यांच्यासाठी पान बनवले. आधी एकच रकाना, मोबाईल नंबराचा. वर्गाच्या यादीतला नंबर टाकला की पान पिकल्या गव्हाच्या रंगाचे होते आणि हाताने लिहिल्यासारख्या अक्षरांत स्वागत येते. त्याच्या खाली पासवर्ड मागितला जातो. अक्षरे मोठी ठेवली, कारण घरात चष्मा एकच आणि तो बहुतेक सासूच्या उशाशी असतो. नंबर यादीत नसेल तर पान म्हणते, 'तुम्ही अजून आमच्याकडे आला नाहीत. या ना एकदा.' या कामाला मला पाच आठवडे लागले. इतक्या मनापासून मी दुसरे कोणतेही काम केलेले नाही.

आमच्याकडे बाईमाणसाचे स्वतःचे नाव चारचौघांत घेत नाहीत, हे लक्षात ठेवून स्वागतात मी नाव न टाकता अमक्याची आई एवढेच ठेवले. उम्म कुतैबा, म्हणजे कुतैबाची आई. मला वाटले, झाकपाक झाली. पण गल्लीत शेंबड्या पोरालाही कुतैबाची आई कोण हे ठाऊक असते. मी तसल्याच गल्लीत वाढले आहे, त्यामुळे सुचले नाही असे म्हणण्याची सोय नाही. तसेच, कोणी खांद्यावरून डोकावले तर कळू नये म्हणून पानावर परीक्षा, अभ्यास, शाळा असा एकही शब्द ठेवला नाही. एवढी मोठी शहाणी मी.

फौजदार साहेबांनी विचारले की यात चूक काय. त्याचे उत्तर असे, की पासवर्ड बरोबर येईपर्यंत आतले कोण आणि बाहेरचे कोण हे पानाने कोणालाही कळू द्यायचे नसते. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. तो मला येत होता. बाईंना मी सांगितलाही होता. त्या म्हणाल्या, "चोर कधी गणित शिकायला येतो का?" मी हसले आणि पुढे गेले. मला ते पटले म्हणून नव्हे, पान फार सुंदर दिसत होते म्हणून. पान सुरू झाल्यावर महिन्याभरात एकशे एकतीस जणी आत येऊ लागल्या. बाईंनी मला भरल्या वांग्यांची बरणी पाठवली. मी ते पान इतर गिऱ्हाइकांनाही दाखवत फिरले.

फिद्दा यांच्याविषयी सांगते. वय ३६, तीन मुले, थोरला कुतैबा. त्यांचे यजमान मालमोटार घेऊन सौदीच्या वाटेवर असतात, ते वीस तारखेला परततील. खालच्या मजल्यावर दीर फव्वाज राहतात. फिद्दा अठराव्या वर्षी गणितात दोनदा नापास झाल्या आणि मग लग्न झाले. माझ्याशी त्या तीनदा फोनवर बोलल्या होत्या. एकदा त्यांनी विचारले होते की धड्याचा आवाज अजून बारीक करता येईल का. प्रत्यक्ष भेट आज झाली, ठाण्याच्या बाकावर, त्यांच्या बहिणीसोबत.

गेल्या शनिवारी जे घडले ते फिद्दा आणि फव्वाज दोघेही सारखेच सांगतात, म्हणून त्यात वाद नाही. फव्वाज यांना वहिनी दुपारी मोबाईल घेऊन दार लावून बसते याचा संशय होता. त्यांनी तिच्या मोबाईलवर आमच्या पानाचा पत्ता पाहिला. तो आपल्या मोबाईलवर उघडून त्यांनी तिचा नंबर टाकला. पानाने त्यांनाच उम्म कुतैबा म्हणून 'या' म्हटले आणि कधीची वाट पाहत असल्याचे सांगितले. त्यांनी फिद्दा यांचा मोबाईल आणि ओळखपत्र काढून घेतले. भाऊ येईपर्यंत दोन्ही आपल्याजवळ राहतील असे ते म्हणाले. मी अभ्यास करते, असे फिद्दा यांनी त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, "अभ्यास वाट बघतो का कुणाची?" मी त्यांच्या जागी असते तर मलाही हेच सुचले असते.

ओळखपत्राशिवाय परीक्षेच्या दालनात घेत नाहीत. पहिला पेपर उद्या सकाळी नऊ वाजता आहे, अरबीचा. तो चुकला की वर्ष गेले. म्हणून फिद्दा यांनी काल तक्रार दिली. फौजदार साहेबांचे म्हणणे पडले की मामला घरगुती आहे, नवरा वीस तारखेला येईल, तेव्हा बसून मिटवता येईल. वीस तारखेपर्यंत चार पेपर होऊन जातात, हे मी त्यांना दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा माझा आवाज चढला होता, त्याबद्दल दिलगीर नाही.

त्यानंतर फौजदार साहेबांनी पान कसे चालते ते करून दाखवायला सांगितले. मी माझ्या मोबाईलवर पान उघडून माझाच नंबर टाकला. मी विद्यार्थिनी नसल्याने पान म्हणाले, 'तुम्ही अजून आमच्याकडे आला नाहीत. या ना एकदा.'

साहेब म्हणाले, "म्हणजे कुठलाही नंबर टाकला की 'या उम्म अमुक' असं नाही म्हणत?"

"नाही. यादीत असेल तरच."

"तुम्ही म्हणता म्हणून मानायचं? द्या इकडे. माझ्या घरचा टाकतो. आमची तर शाळेवरून गेली तरी नजर वळवते."

हवालदार सौसन म्हणाल्या, "साहेब, माझा टाका ना."

"तुझा कशाला? लिही तू."

मी मोबाईल दिला. मी तो द्यायला नको होता. यादीत कोण आहे ते मला तोंडपाठ नाही, पण काय होऊ शकते हे त्या खोलीत फक्त मला कळत होते, आणि फव्वाज यांना खोटे पाडायच्या भरात मी हात पुढे केला. साहेबांनी नंबर न बघता टाकला. पान गव्हाच्या रंगाचे झाले. त्यावर आलेले नाव आणि तो नंबर इथे लिहायचे कारण नाही.

साहेबांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. सौसन लिहायच्या थांबल्या.  मग साहेब म्हणाले, "हे घ्यायचं नाही जबाबात."

मी म्हणाले, "घेतल्याशिवाय मी सही करणार नाही. नाव नको, नंबर नको. पण जे घडलं ते घ्या. शनिवारी फव्वाजच्या घरी घडलं तेच आत्ता घडलं, आणि या वेळी मी समोर बसले होते."

साहेबांनी पालथा मोबाईल माझ्याकडे सरकवला. नंतर त्यांनी विचारले, "गणित कधी आहे?"

"रविवारी."

"रोज जेवताना पोराच्या वहीतलं एखादं गणित काढते. हे कसं सोडवायचं, म्हणते. मी म्हणतो, तुला काय करायचंय, तू भाकरी वाढ." हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितले. सौसन यांनी ते लिहिले आहे.

मग त्यांनी विचारले, "उद्या कुठल्या शाळेत नंबर आलाय तिचा? तुमच्या बाईंकडे यादी असणार."

यादी बाईंकडे आहे, तशी माझ्या संगणकातही आहे आणि संगणक माझ्या पिशवीत होता. मी म्हणाले, "सांगणार नाही."

"अहो, वाईट नाही विचारत. दोन बस बदलून उन्हात जाईल. गाडीने सोडली असती."

"ते त्यांनी तुम्हाला सांगू दे. माझ्या पानाने एकदा सांगून टाकलंय, आता मी नाही सांगणार."

"तुमचं काम माझ्या टेबलावर अडलंय, हे लक्षात आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. मला भीती वाटली. बाकावर बसलेल्या फिद्दा दारातून दिसत होत्या आणि मी त्यांचे ओळखपत्र पणाला लावते आहे असे मला वाटले. तरीही मी शाळेचे नाव सांगितले नाही.

साहेब उठून खिडकीशी गेले. परत येऊन त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. त्यांचे बोलणे ऐकले तसे सांगते. "फव्वाज, फौजदार बोलतोय. वहिनीचं ओळखपत्र आणि मोबाईल घेऊन ये. आत्ता. नाही, वीस तारखेला नाही. परीक्षाच आहे ती. मला कसं माहीत म्हणजे? चौकशी केली म्हणून माहीत. तू ये."

तेवढ्या वेळात मी संगणक काढून इन्साफबाईंना फोन केला आणि स्वागत काढून टाकत असल्याचे सांगितले. बाई म्हणाल्या, "दार लावतेस?" मी हो म्हणाले. त्यांनी विचारले, "कुणाला काही झालं का गं?" फिद्दा यांचे सांगितले, दुसरे सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "लाव मग. चूक माझीही आहे, हेही तिथे लिहायला सांग." ते सांगितल्याप्रमाणे लिहिले आहे. दुपारी १ वाजून ३५ मिनिटांपासून ते पान नंबर आणि पासवर्ड एकदमच मागते आणि काहीही चुकले तरी सर्वांना एकच वाक्य दाखवते, 'माहिती जुळत नाही.' पाच आठवड्यांचे काम काढायला अकरा मिनिटे लागली. मला वाईट वाटले, ते कामाचे वाटले की बायकांचे, हे मी सांगू शकत नाही.

२ वाजून १० मिनिटांनी फव्वाज आले. त्यांनी ओळखपत्र आणि मोबाईल टेबलावर ठेवला. फिद्दा यांना आत बोलावले. फव्वाज म्हणाले, "वहिनी, आधी बोलली असतीस तर मीच पुस्तकं आणून दिली असती."

फिद्दा म्हणाल्या, "आणि नापास झाले असते तर ईदपर्यंत हसायला पुरलं असतं तुम्हाला."

 फिद्दा यांनी ओळखपत्र घेऊन पोच म्हणून रजिस्टरात सही केली. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "पान छान होतं, ताई." आणि बहिणीबरोबर निघून गेल्या. त्यांना घरी पोचून व्याकरणाची एक उजळणी करायची होती.

वरील सर्व मजकूर हवालदार सौसन यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. 'माझ्या घरचा टाकतो' इथून पुढचे वाचताना त्या अडखळल्या आणि साहेबांकडे पाहू लागल्या. फौजदार साहेब खोलीतच होते. ते म्हणाले, "वाच पुढे." त्यांनी एकही ओळ खोडायला सांगितली नाही, आणि शाळेचे नाव मला पुन्हा विचारले नाही. म्हणून सही करते.

मैसून वासिफ अल-उमरी