तीन पिशव्या, एकच माती

हरिनामाला बसलेल्या सगळ्यांना हात जोडतो. टाळकरी, जरा दम घ्या. मृदंगबुवा, तुम्हीही. आता जे सांगणार आहे त्याला ताल नाही!

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपल्याला जी गोष्ट माहीत नाही, ती माहीत आहे असं सांगणं ही चूक आहे की पाप? बोला! तिकडे खांबाजवळ शेतकी कॉलेजची पोरं बसलीत. चूक? बरं. बायकांच्या बाजूनं कुणी पाप म्हणालं. उत्तर मी देत नाही. बोरखेडीच्या रुक्मांगदाचं काय झालं ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

रुक्मांगदाची आई तो दोन वर्षांचा असताना गेली. बाप परगावी, दुसरा संसार मांडून बसलेला. पोराला वाढवलं कुणी? आत्यानं. गयाआत्या! नवरा नाही, मूलबाळ नाही, नदीच्या वरच्या अंगाला तीन एकर रान आणि हा भाचा, एवढाच तिचा प्रपंच. पोरगं शेतकी कॉलेजात गेलं तेव्हा बाईनं गावभर गूळ वाटला. "माझा रुक्मा मातीचं शिकायलाय" म्हणायची. लोक हसायचे! मातीचं काय शिकायचं असतं? माती ती माती!

हसू नका. माती म्हणजे नुसती वरची ढेकळं नव्हेत. तिच्याखाली थर असतात, एकाखाली एक. ज्वारीची मुळं वरच्या थरात भागवतात. फळझाड मात्र पंचवीस वर्षं उभं राहायचं असतं, ते खाली उतरतं. म्हणून शास्त्र सांगतं, बाग लावायची तर तीन फूट खड्डा खणा. पहिल्या फुटाची माती वेगळी पिशवीत, दुसऱ्याची वेगळी, तिसऱ्याची वेगळी. तिन्ही तपासा, मग झाड आणा. काय पोरांनो, बरोबर? माना डोलावताय. रुक्मांगदही अशीच डोलवायचा! पेपरात त्याला या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले होते.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तो घरी आला. आत्या म्हणाली, "लेकरा, दोन एकरात मोसंबी लावावी म्हणते. आता खुरपणं होईना मला. झाडं असली की सावलीत बसून राखता येईल. आपल्या रानाला येईल का, बघ की."

वैशाखाचं ऊन. काळं रान तापून दगड झालेलं. रुक्मांगदानं कुदळ घातली. फूटभर गेला, दीड फूट गेला. हाताला फोड आले! कुदळ मारली की उसळून वर. बांधावर गावातली चारपाच माणसं उभी, शिकलेला पोरगा काय करतो ते बघत. एकानं विचारलं, "कारे, तुला तर कॉलेजात बघूनच कळत असंल की?"

मंडळी, इथं घसरतं बघा माणूस! खड्ड्यात नाही, इथं! "नाही हो, खणल्याशिवाय मलाही कळत नाही," एवढं वाक्य त्याच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, "हो, अंदाज येतोच." माणसं पांगली. त्यानं कुदळ टाकली. आणि केलं काय? वरचीच माती तीन पिशव्यांत भरली! एकीवर लिहिलं पहिला फूट, दुसरीवर दुसरा, तिसरीवर तिसरा. अक्षर मात्र सुंदर!

प्रयोगशाळेनं दिली ती माती तपासली. अहवाल आला, तिन्ही थर उत्तम. तिन्ही थर सारखे! अहो, सख्खे भाऊ सारखे निघत नाहीत, हे थर सारखे कसे निघतील? पण विचारणार कोण? आत्याला वाचता येत नव्हतं. ज्याला येत होतं त्यानंच पिशव्यांवर खोटं लिहिलं होतं.

"येईल, आत्या. झकास येईल."

झालं! आत्यानं दोनशे वीस कलमं लावली. चार वर्षं झाडं अशी वाढली की बघणाऱ्यानं थांबावं. आत्या सकाळी भाकरी बांधून जायची, दिवे लागायच्या आत परत. वाळलेली फांदी दिसली की पोराच्या डोक्यात हात फिरवावा तशी काढायची. इकडे रुक्मांगद शिकून एका कॉलेजात मास्तर झाला. विषय कोणता? माती!

पाचव्या वर्षी आत्याचा फोन आला. "रुक्मा, शेंड्याची पानं पिवळी पडलीत रे. शिरा तेवढ्या हिरव्या हायत. काय असंल?"

मंडळी, त्याच आठवड्यात त्यानं हे पान फळ्यावर काढलं होतं! कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. जमिनीत लोह असतं, पण खाली चुनखडी असली की चुना ते अडवून धरतो. ताट वाढलेलं आहे, हात बांधलेले आहेत! पोरांना त्यानं हेही सांगितलं होतं की अशा झाडाला जास्त पाणी पाजू नका. मुळं गुदमरतात, आजार बळावतो.

हे सगळं त्याला येत होतं. फोन कानाला होता. आणि तो म्हणाला, "पाणी कमी पडत असेल, आत्या. पाणी वाढव."

का म्हणाला? चुनखडी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तेव्हा कशी दिसली नाही? त्या एका प्रश्नाला तो भ्याला.

आत्यानं पाणी वाढवलं. ज्वारीचं तोडून मोसंबीला दिलं. वर्षभर, पासष्ट वर्षांची बाई, अनवाणी, चिखलातून पाटाची दारं मोडत, पाणी वळवत फिरली. झाडं शेंड्याकडून वाळू लागली. मग ती काय म्हणायची? "माझंच कुठं चुकलं बाई. हात चांगला नाय माझा." देवाला नवस बोलली! रुक्मांगद सुट्टीला आला की हे ऐकायचा, आणि अर्ध्या ताटावरून उठायचा. पण तोंड उघडायचं नाही ते नाहीच.

सहाव्या वर्षी निम्मी बाग गेली. एका सकाळी आत्या पडवीत बसून तळपायाच्या भेगांत मेण भरत होती. म्हणाली, "अजून एक पाणी देऊन बघते." हे मात्र त्याला सोसवेना. उठला. कुदळ घेतली, कॉलेजातून सोबत आणलेली आम्लाची बाटली घेतली, रानात गेला. मेलेल्या झाडाच्या बुडाशी खणायला लागला. दीड फूट. दोन फूट. आणि कुदळ पांढरी झाली!

चुनखडी. कडक, पिठासारखी पांढरी. मुळं तिथपर्यंत सरळ आली होती आणि तिथून आडवी वळली होती. प्रत्येक मूळ! भिंतीशी आलेल्या आंधळ्या माणसासारखी चाचपत, आडवी. त्यानं आम्लाचे दोन थेंब टाकले. माती फसफसली.

"काय उकळतंय रे?"

आत्या मागे उभी होती.

"चुना, आत्या."

"कवापासून हाय?"

"पहिल्यापासून."

"मग तवा नाय दिसला?"

"तवा मी इथवर खणलंच नाही. वरचीच माती तीन पिशव्यांत भरली."

आत्या खड्ड्याच्या काठाशी आली. वाटलं आता रडेल, आता शिव्या देईल. काही नाही. मग एकच विचारलं, "आन् पाणी? पाणी कामून घालाया लावलंस रे?"

सांगा मंडळी, याला काय उत्तर आहे? पहिली चूक उन्हानं झाली म्हणू, वयानं झाली म्हणू. या प्रश्नाला काय म्हणू? रुक्मांगद, एवढा शिकलेला माणूस, खड्ड्यात उभा राहून कुदळीचा चुना पुसत राहिला. आत्या वळली, घरी गेली. त्या दिवशीही तिनं त्याच्यासाठी भाकरी टाकली. वाढली. पण समोर बसली नाही.

बाग उपटली. दोन एकर रान उघडं पडलं. रुक्मांगद बदली घेऊन जवळच्या गावी आला, आत्याला सांभाळू लागला. औषधपाणी, कपडालत्ता, काही कमी केलं नाही. ती "जेवलास का" विचारायची, "थंडी हाय, पांघरून घे" म्हणायची. पण रानातलं, मातीतलं, एक अक्षर त्याला पुन्हा विचारलं नाही. पुढे दोन वर्षांनी शेजारचा पांडबा लिंबू लावायचं म्हणून आला. मास्तरपुढे मातीची पुडी उघडली. मास्तरनं हात पुढे केला, तोच आत्या दारातून म्हणाली, "पांडबा, खड्डा खण आन् तुझं तू बघ. याला नको इचारू."

आवाज चढवून नाही हो! आगीपासून लेकराला मागं ओढावं, तसं म्हणाली. पांडबानं पुडी बांधली. रुक्मांगदाचा हात तसाच राहिला.

खरं सांगतो, पूर्वी मी या आख्यानाला गोड शेवट जोडायचो. देव आले, त्यांनी हात फिरवला, बाग हिरवी झाली! लोक टाळ्या वाजवायचे. एकदा कीर्तन सुटल्यावर एक म्हातारी पुढे आली. तिच्या हाताला मातीचा वास होता. म्हणाली, "महाराज, खरंच हिरवी झाली का?" मला खोटं बोलवेना. म्हणजे पाहा, मीही तेच करत होतो! वरची माती तीन पिशव्यांत भरून तुम्हाला देत होतो! त्या दिवसापासून तो शेवट काढून टाकला. बाग हिरवी झाली नाही. आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. तिनं माफ केलं का, ते रुक्मांगदाला ठाऊक नाही. त्याला जे ठाऊक नाही ते मी कसं सांगू?

आता चूक की पाप, ते मघाशी बोललेल्यांनी बोला. माना खाली घालू नका!

पोरांनो, उद्या तुमच्या नावामागे पदवी लागेल. कुणीतरी रुमालात माती बांधून आणेल आणि तुमच्या तोंडाकडे बघेल. डॉक्टर, मास्तर, बाप, बुवा, आपण सगळेच त्या जागी कधी ना कधी बसतो. समोरचा विश्वासानं बघत असतो ना, तेव्हाच "मला माहीत नाही, खणून सांगतो" हे म्हणायला जीभ सगळ्यात जड होते. म्हणा एकदा. मोठ्यानं म्हणा! अं? एवढंच? विठ्ठलाच्या नावाला एवढा आवाज देता, आणि या पाच शब्दांना कुजबुज?

राहू द्या. गजर नको आता. असेच उठा आणि घरी जा. वाटेत आठवून बघा, आपल्या शब्दावर कोण आज अनवाणी पाणी देतंय.