बारा व्होल्टवर

दातांच्या डॉक्टरकडे त्या शाळकरी मुलीचा नंबर अजून बराच लांब होता. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मांडीवर उघडं होतं, कान मात्र शेजारच्या बाकावर. तिथली वहिनी गाल टम्म सुजूनही बोलायची थांबत नव्हती आणि सोबत आलेली नणंद चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती.

"तोंड माझं सुजलंय, आणि बोलेनाशी तू झालीस. प्रयोगशाळेत काय झालं?"

"रक्त अडकलं, वहिनी."

"सकाळी माझं बोट टोचून नेलंस ते? माझंच रक्त, नणंदेचं ऐकणार कसं."

"चेष्टा नको ना. त्या काचपट्टीतल्या नळीत विजेने रक्तातल्या आजारी पेशी बाजूला काढायच्या असतात. आधी दोनशे व्होल्ट लागायचे, त्यात पेशी भाजून निघायच्या."

"ते तू बारावर आणलंस की. घरभर नाचली होतीस."

"तारा जवळ आणल्या, नळी केसाहून बारीक केली, म्हणून बारा. पण तीन वर्षं त्यातून रक्ताऐवजी प्लास्टिकचे बारीक मणी सोडले. मणी चिकटत नाहीत. रक्त चिकटलं. दोन मिनिटांत नळी बंद."

"मग कर की रुंद."

"रुंद केली की पुन्हा दोनशे."

"अगं, मग आधीच का नाही रक्त घातलंस?"

"मण्यांचे आकडे फार छान येत होते."

"उद्या निधीवाल्या समितीला काय दाखवणार?"

"मण्यांचे आकडे. खोटे नाहीत ते."

"रक्ताचं विचारलं तर?"

"सांगेन."

"आणि नाहीच विचारलं तर?"

"तर आणखी तीन वर्षं मिळतील, वहिनी. मण्यांबरोबर."