सासूबाईंचा शेवटचा दात

तुम्ही हसाल गं, पण त्या दिवशी मी पुरती घाबरले होते. कामठ्याला आमची धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालली होती. सासूबाईंना आता वाकवत नाही, म्हणून त्या माझ्या सात महिन्यांच्या बाळाला घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसायच्या आणि गाण्याची ओळ सांगायच्या. आम्ही बाया खाली बांधीतल्या चिखलात धान रोवत ती मागून म्हणायचो.

गाणं एकाएकी थांबलं. मी चिखलातून धावले. बघते तर त्यांचं बोट बाळाच्या तोंडात!

"आत्याबाई, काय झालं?" मी सासूबाईंना विचारलं.

"माहा शेवटचा दात पडला वं, गाता गाता. पोट्ट्यानं तोंडात घातला का, पाहून राहिली."

मला तर देवाचं नावही आठवेना. घशात अडकला तर?

"लागला हाताला! पण निघून नाही राहिला."

"ओढा ना!"

"कायले ओढू? हा त त्याचाच उगवून राहिला वं!"

त्यांचा दात लुगड्याच्या घडीत सापडला. लगेच नवी ओळ आली:

"म्हातारीच्या तोंडातून देवानं उपटला,
नातवाच्या तोंडात नेऊन रोवला."

बायांनी हसत ओळ उचलली. मीही म्हटली, पण जीभ आतल्या आत माझा एकेक दात हलवून पाहत होती.