रेवजीची मुकी प्रार्थना

सारंगखेड्याच्या घाटावर धनकंवर शेठाणी नावेची वाट पाहत बसली होती. शेजारी रेवजी आणि त्याची बायको दिवलीबाई भांडत होती. दोघं डोंगराकडची, नव्यानं ख्रिस्ती झालेली. धनकंवरनं पदर पुढं ओढला, पण कान तिकडंच लागले होते. दिवलीबाई नवऱ्यावर ओरडत होती.

"तापमा आपली पोर गयी, अन् तुन्हा डोयामा पानी नहीं! रोज पहाटे डोया मिटीसन बसस."

"मी प्रार्थना करस."

"तोंडमा शबद नहीं, ती कसानी प्रार्थना?"

"पाद्रीबाबानीच सांगं. बोलनं सरनं का उगामुगा बसानं. देव समोर शे, इतलंच ध्यानमा ठेवानं."

"समोर शे? मंग पोर मरनी तव्हय कोठे व्हता तो?"

"हाईच इचारस मी त्याले."

"उगामुगा बशीसन?"

"तोंड उघाडं तं शिव्या निंघतीन, दिवली! म्हनीसन दात आवळीसन बसस."

दिवलीबाई नवऱ्याकडं तोंड करून वळून बसली. मग तिचा आवाज आणखीच चढला.

"सकाय माले बी उठाड."

"तू कसाले?"

"तुन्हा शेजारे बससू. पन मी दात आवळनार नहीं. तो समोर शे ना? मंग आयकू दे त्याले!"