आमच्या घरातला व्ह्यू

हसू नका लेकांनो, पण मी सातवी पास आणि माझ्यामुळे सुनेला चेन्नईच्या पेरुंगुडीत कॉम्प्युटरची नोकरी लागली!

दोन मुलाखतींत आपटलेली आमची कविता तिसरीला घाबरतच गेली. साहेबांनी विचारलं, "वेबसाइटच्या कोडचे मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर असे तीन भाग का करायचे? सोपं करून सांगा."

कविता म्हणाली, "सर, माझ्या सासूबाई मॉडेल. घरातलं सगळं त्यांना ठाऊक, पण त्या दारात येत नाहीत. दारात सासरे उभे, सगळं आपल्यालाच ठाऊक असल्यासारखे. ते व्ह्यू, म्हणजे लोकांना दिसतो तो भाग. नवरा कंट्रोलर, आत विचारून बाहेर सांगतो."

"बरं, याचा फायदा काय?"

"उद्या सासरे बदलले, तरी सासूबाईंना हात लावावा लागत नाही."

साहेब पोट धरून हसले. नोकरी पक्की!

घरी आल्यावर तिनं हे सांगितलं. मी ओरडलो, "अगं, पार अब्रू घालवलीस माझी!"

तर आतून बायको म्हणाली, "अहो, चाळीस वर्षं हाच व्ह्यू चालवून घेतलाय मी. आभार माना."

मानले. तेव्हापासून सकाळची फिल्टर कॉफी मॉडेलला मीच नेऊन देतो.