दरवाजा कुठी आहे?

सदर बाजारातल्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब टाकून मी डोळे मिटून बसलो होतो. शेजारी दोन म्हातारे बोलत होते.

"मनोहरराव, डोळे काहून एवढे लाल?"

"महिनाभर पुट्टी घासून राहिलो ना, कवडूभाऊ."

"घराले?"

"नाही गा, विमानाले. प्लास्टिकचं, हातभर. दोन भाग चिकटवले की मधात फट राहते. पुट्टीनं भराची, पॉलिश पेपरनं घासाची, मग रंग माराचा. रंग मारला की फट पुन्हा दिसते."

"ह्या वयात हे कायले?"

"जावयासाठी. त्याच्या वास्तुपूजनाले मी खिडकीची फट चार पाहुण्यांत दाखवली होती. तवापासून पियूष बोलत नाही. तो विमानं रिपेअर करते. म्हटलं, असं विमान देतो का बोट फिरवलं तरी फट नाही लागली पाहिजे."

"मग लागली?"

"एकही नाही. जिथं रेघ दिसली तिथं भरली, अन् घासून गुळगुळीत केली. त्यानं चष्मा लावला, उलटंसुलटं पाहिलं अन् म्हणे, बाबा, दरवाजा कुठी आहे?"

"म्हणजे?"

"दरवाज्याची रेघ असते ना गा. मी शहाण्यानं तिलेही फट समजून बुजवलं. पायलट आतच बसला आहे."

"मग चिडला?"

"हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा."

"चला, आता दरवाजा कोरून द्या."

"मी तेच म्हटलं. तर म्हणे, राहू द्या, बाबा. रविवारी चार पाहुणे येऊन राहिले, त्याइले दाखवाचा आहे."