सीलबंद उजेड

बसा, बसा! मागची मंडळी, जरा पुढं सरका — आवाज पोचतोय माझा, तुमचं लक्ष पोचू द्या! तर आजच्या कीर्तनाचा सवाल साधा आहे. वस्तू आपली कधी होते हो? पैसे मोजले तेव्हा? घरात आणली तेव्हा? सांगतो, ऐका.

एका गावात श्रीरंग ढोपे नावाचा गृहस्थ. दूध सोसायटीत नोकरी, घरात बायको शेवंता, दारात भिंगरी नावाची म्हैस. माणूस सज्जन! दारू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच — बॅटऱ्या! आपली हातात धरायची, उजेड पाडायची बॅटरी हो! पितळी, लोखंडी, पेनाएवढी, मुसळाएवढी — काचेचं कपाट भरलेलं. आणि एकीतही सेल नाही! का? तर म्हणे सेल पाझरतात, बॅटरी खराब होते!

शेवंता म्हणायची, "आवो, गोठ्यात एक द्या की. सांजंचं काय दिसत न्हाई."

"वेडी का काय! ही वापरायची नाही, ठेवायची आहे."

"मग उजेड?"

"तो आहे की तिच्यात!"

हसू नका हो पेटीवाले, सूर हलतोय!

मोबाईलवर अशाच हौशी लोकांचा ग्रुप. तिथं रोज एकच चर्चा — पुढच्या वर्षी कोणती बॅटरी येणार? डोंगरापल्याडचं झाड दिसणार म्हणे! याला दारातला उकिरडा दिसत नव्हता, ते सोडा. त्यानं आगाऊ पैसे भरून पहिल्या खेपेतली चार्जिंगची बॅटरी मागवली. खोकं आलं, ते सीलसकट कपाटात! सील फुटलं की किंमत गेली, असा त्या ग्रुपचा धर्म!

आणि एके दिवशी, दिवेलागणीला, गाभण भिंगरी विताना अडली. वीजही तेव्हाच गेली! कंदील? तो कधीच भंगारात दिलेला. एवढ्या बॅटऱ्या असताना कंदील कशाला!

शेवंता गोठ्यातून ओरडली, "आवो, उजेड आना! रेडकाचा एकच पाय भायेर आलाय, दुसरा दुमडलाय. मला दिसंना!"

श्रीरंग कपाटाकडं धावला. सगळ्या रिकाम्या! उरलं ते खोकं. सीलला नख लावलं... आणि थांबला! भिंगरीवर त्याचा जीव नव्हता असं नाही हो. पोटी लेकरू नव्हतं, दोघांनी तिलाच पोरीगत वाढवलेली. पण सील! मग यानं काय केलं? मोबाईल काढला आणि ग्रुपला विचारलं, "सील फोडू का?"

अहो, मोबाईललाच उजेड असतो की! तुम्हाला सुचलं, मला सुचलं — ह्या शहाण्याला नाही सुचलं!

उत्तरं आली. "अजिबात नको!" "आधी खोक्याचा फोटो टाका!" "म्हशीला पिवळा उजेड बरा का पांढरा?" वाद पेटला, आणि मोबाईल विझला!

"आवो, मरंल की वो ती!" शेवंताला रडू फुटलं.

तेव्हा मात्र त्यानं दातानं सील तोडलं. पळत गोठ्यात आला. बटण दाबलं — काही नाही! परत दाबलं — लाल-निळी उघडझाप, जशी वरातच आली! बटण कसं दाबायचं ते माहितीपत्रकात लिहिलेलं. आणि माहितीपत्रक वाचायला काय पाहिजे? उजेड!

इतक्यात धप्पकन काहीतरी पडलं. आणि मग लागली हो बॅटरी! गोठा लख्ख! शेवंता कोपरापर्यंत माखलेली. पुढ्यात ओलंचिंब रेडकू, भिंगरी त्याला चाटतेय. बाईनं अंधारात चाचपडत, नुसत्या हातानं पाय सरळ करून त्याला सोडवलं होतं.

"आता बंद करा ती," शेवंता म्हणाली. "लेकराच्या डोळ्यांत जातंय."

त्यानं बंद केली. तिथंच शेणात बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मग हळूच विचारलं, "काय झालं गं? रेडा का पारडी?"

"हात लावून बघा की!"

मंडळी, श्रीरंगाला पोटभर हसलात. आता घरी जाऊन बघा — सोफ्याचं प्लास्टिक निघालंय का? पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा सेट? अहो, पाहुणे देवाघरी गेले, सेट तसाच! आणि वस्तूंचं सोडा. पोटातली माया कुणासाठी राखून ठेवलीय? शेजारी बसलेल्या आपल्या माणसाशी शेवटचं गोड कधी बोललात? आठवत नाही ना? मग घरी जाईपर्यंत तरी कशाला थांबता? आत्ताच बोला, बुवा थांबलाय. आणि बोलून झालं की सगळे मिळून म्हणा — रामकृष्णहरी!